केन्शू कोणतं? औपचारिक जपानी शब्द पक्के करण्याची सविस्तर पद्धत

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी दुभाष्याचं काम करत होते. जपानी ग्राहकाबरोबर फोनवर बैठक चालू होती. पलीकडून वाक्य आलं, "राइगेत्सु, केन्शू ओ ओकोनाइमासु." मला केन्शूचा एकच अर्थ ठाऊक होता, प्रशिक्षण. मी सांगून मोकळी झाले की पुढच्या महिन्यात ट्रेनिंग आहे. टीम खूश. दोन दिवसांनी तीच गोष्ट ईमेलमध्ये लिहून आली आणि कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, पाहून माझ्या पोटात गोळा आला. हे केन्शू वेगळं होतं. आपण दिलेलं काम करारानुसार आहे का ते तपासून ताब्यात घेणं, असा त्याचा अर्थ. बिलाचे पैसे त्याच्यावरच अडकलेले असतात. आमची टीम वह्या-पेनं घेऊन बसायला तयार होती, आणि ग्राहक तपासणीला येणार होता.

तेव्हा माझ्याकडे एन-२चं, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या वरून दुसऱ्या पातळीचं, प्रमाणपत्र होतं. गप्पा मारता येत होत्या, मालिका समजत होत्या, टोकियोत पत्ता विचारता येत होता. अडायचं ते बैठकीचं इतिवृत्त, करारातलं कलम किंवा ग्राहकाचं खरमरीत पत्र समोर आलं की. तुमचंही तिथेच अडत असेल, तर पुढची पद्धत तुमच्यासाठी आहे. अगदी नवशिक्यांनी मात्र एवढ्यात हिच्या वाटेला जाऊ नये.

लिपीबद्दल एक सूचना. इथे जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. लांब ओ आणि लांब ए यांच्यासाठी 'ऽ' हे चिन्ह वापरलं आहे, आणि 'कांजी'सारखे रुळलेले शब्द सोडले तर र्‍हस्व-दीर्घ उच्चाराप्रमाणेच आहेत. तुमच्या वहीत मात्र शब्द कांजीतच लिहा. देवनागरी फक्त माझ्या-तुमच्या बोलण्यापुरती.

हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे

"तुमचा अर्ज मिळाला, पुढे पाठवला" हे आपण बोलतो. कार्यालय लिहितं, "सदर अर्ज प्राप्त झाला असून योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात येत आहे." माहिती तीच, पण कपडे बदललेले. जपानीत नेमकं हेच होतं. तिथे शब्दांचे तीन थर आहेत: मूळचे जपानी 'वागो', चिनी घडणीचे 'कांगो' आणि बाहेरून आलेले 'गाइराइगो'. आपल्या घरगुती मराठी शब्दांच्या जागी वागो, तत्सम शब्दांच्या जागी कांगो, आणि टेबल-स्टेशनच्या जागी गाइराइगो ठेवा, म्हणजे अर्धं काम झालं. औपचारिक जपानी म्हणजे बहुतांशी कांगो आणि त्याला जोडलेली आदरार्थी रूपं.

हे सगळे कांगो चीनमधून आयते आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, पाश्चात्त्य कल्पनांसाठी जपानी विद्वानांनी कांजी जोडून ढिगाने शब्द पाडले. तत्त्वज्ञानासाठीचा 'तेत्सुगाकु' हा शब्द निशि आमाने यांचा. आपल्याकडे सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' हे शब्द घडवले, त्याच जातीचं हे काम. असे कित्येक शब्द पुढे जपानमधून चीनमध्ये परत गेले.

एक फरक मात्र जिवावर बेततो. 'प्रारंभ' हा शब्द मराठी कानाला ऐकताक्षणी कळतो. कांगोचं तसं नाही. चिनी भाषेतले सूर जपानीत गळून पडले, वेगवेगळे उच्चार एक झाले, आणि एकाच आवाजाचे चार-चार शब्द उरले. म्हणून औपचारिक शब्द कानाने अर्धाच शिकता येतो. उरलेला अर्धा डोळ्यांनी.

पायरी १: कुठलं औपचारिक, ते ठरवा

"मला औपचारिक जपानी शिकायचंय" हे वाक्य फार मोघम आहे. कार्यालयातला पत्रव्यवहार आणि बैठका ही एक भाषा. करार आणि कायदा ही दुसरी. वर्तमानपत्रं आणि अहवाल ही तिसरी. लग्न, निरोप समारंभ, शोक यांत बोलली जाणारी चौथी. चारही एकदम धरलीत तर हाती काहीच लागत नाही. सहा महिन्यांसाठी एकच निवडा. बहुतेकांनी पहिली घ्यावी, कारण तिचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो.

परीक्षेसाठी शिकत असाल तर एवढं माहीत हवं: २०१० साली जेएलपीटीची रचना बदलून एन-१ ते एन-५ अशी झाली, तेव्हापासून शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारात 'एन-१चे इतके शब्द' म्हणून जे मिळतं, ते प्रकाशकांचे अंदाज. चांगले अंदाज असतात, पण अंदाजच. एन-१ला १८० पैकी १०० गुण लागतात आणि तीनही विभागांत प्रत्येकी किमान १९. शब्द पाठ करून एक विभाग उंच आणि ऐकण्यात घसरगुंडी, असं झालं तर एकूण बेरीज कामाला येत नाही. नोकरीसाठी शिकणाऱ्यांनी बीजेटी ही ८०० गुणांची व्यावसायिक जपानीची परीक्षाही पाहावी. तिच्यातले प्रसंग कार्यालयातलेच असतात.

कांजीचा पाया म्हणाल तर 'जोऽयोऽ कांजी' या सरकारी यादीत २०१०पासून २१३६ अक्षरं आहेत. सगळी येण्याची वाट पाहू नका. हजारेक ओळखता येत असतील तर सुरुवात करा, उरलेली शब्दांच्या बोटाला धरून येतात.

पायरी २: जोड्यांची वही

माझा सगळ्यात ठाम सल्ला हा. नवा औपचारिक शब्द कधीही एकटा शिकू नका. तुम्हाला येत असलेल्या साध्या शब्दाशेजारी तो लिहा. हाजिमेरु–काइशि (सुरू करणे), शिराबेरु–चोऽसा (तपास करणे), ताशिकामेरु–काकुनिन् (खात्री करणे), किमेरु–केत्तेऽ (ठरवणे), ओकुरु–सोऽफु (पाठवणे). कांगोला 'सुरु' लावलं की क्रियापद तयार, जसं आपण 'निश्चित करणे', 'प्रेषित करणे' म्हणतो.

पाच-पन्नास जोड्या झाल्या की लक्षात येतं, एका साध्या शब्दाला औपचारिक भावंडं अनेक असतात आणि त्यांच्या वाटण्या ठरलेल्या असतात. 'नाओसु' म्हणजे नीट करणे, दुरुस्त करणे. त्यातून काय काय निघतं पाहा. छापलेली चूक किंवा चुकीचा आकडा नीट केला तर 'तेऽसेऽ'. आराखडा, मसुदा, प्रोग्रॅम यांत बदल केला तर 'शूसेऽ'. पंखा किंवा गाडी दुरुस्त केली तर 'शूरि'. जे चालू आहे ते आणखी चांगलं केलं तर 'काइझेन', जो आता मराठी कारखान्यांतही रुळला आहे. नियमबाह्य किंवा अन्यायाची स्थिती सरळ केली तर 'झेसेऽ', जो शब्द लेखापरीक्षक आणि सरकार वापरतात. ग्राहकाच्या प्रोग्रॅममधला दोष 'शूरि' केला असं लिहिलंत तर अर्थ पोचेल, पण वाचणाऱ्याला तुम्ही पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले दिसाल.

वहीचं पहिलं पान मात्र क्रियापदांना देऊ नका, काळ-वेळेच्या शब्दांना द्या. मेहनत कमी, फरक मोठा. क्योऽचं होन्जित्सु (आज), किनोऽचं साकुजित्सु (काल), आशिताचं म्योऽनिचि (उद्या), क्योनेनचं साकुनेन (गेलं वर्ष), साक्किचं साकिहोदो (मघाशी), आतोदेचं नोचिहोदो (नंतर), चोत्तोचं शोऽशोऽ (जरा), तोतेमोचं ताइहेन किंवा माकोतो नि (फार), दोऽचं इकागा (कसं), दारेचं दोनाता (कोण). एका आठवड्यात ही दहा तोंडात बसली की तुमचं वाक्य सूट घालून उभं राहतं.

पण सूट घातला तर पायात चप्पल नको. वाक्यात एक शब्द 'होन्जित्सु' आणि पुढचा 'चोत्तो' असं झालं की "सदर प्रस्ताव एकदम झकास आहे" ऐकल्यासारखं वाटतं. पातळी एकदा धरली की वाक्य संपेपर्यंत सोडायची नाही.

पायरी ३: शब्दांची कुळं

संस्कृत शिकलेल्यांना प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे श्लोकातलं उदाहरण आठवत असेल. धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. कांजीची कुळं याच नजरेने बघा.

'गि' हे अक्षर घ्या, ज्याच्या डाव्या अंगाला 'बोलणे' हा भाग आहे. काइगि म्हणजे बैठक, क्योऽगि म्हणजे विचारविनिमय, शिन्गि म्हणजे विधेयकावरची चर्चा, केत्सुगि म्हणजे ठराव, इगि म्हणजे हरकत, कोऽगि म्हणजे निषेध, गिजिरोकु म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, गिचोऽ म्हणजे सभाध्यक्ष. एक अक्षर ओळखीचं झालं आणि आख्खं सभागृह उघडलं. दर आठवड्याला असं एक कूळ घ्या आणि मधोमध अक्षर लिहून भोवती शब्द मांडा. सात-आठच्या पुढे जाऊ नका. कोशात तीस सापडतील, त्यातले वीस तुम्हाला जन्मात लागणार नाहीत.

अक्षराचा उजवा भाग बऱ्याचदा उच्चार सांगतो. निळ्या-हिरव्या रंगाचं 'सेऽ' हे अक्षर उजवीकडे ठेवा. डावीकडे पाणी आलं तर स्वच्छ, तांदूळ आला तर निवडून-सडून बारकाईने केलेलं, बोलणं आलं तर विनंती. उच्चार तिन्ही वेळा 'सेऽ'. त्यातून शिन्सेऽ (रीतसर अर्ज), सेऽक्यूशो (बिल), योऽसेऽ (औपचारिक विनंती). आणि प्रवासखर्चाचा हिशेब चुकता करणं हे 'सेऽसान' तांदळाचं, तर कंपनी मोडताना देणी-घेणी मिटवणं हे 'सेऽसान' पाण्याचं. दौऱ्यावरून आल्यावर अर्जात चुकून पाण्याचं लिहू नका.

नकार दाखवणारी चार अक्षरंही एक कूळच मानावं. 'मि' म्हणजे अजून नाही, 'फु' म्हणजे तसं नाही, 'मु' म्हणजे मुळात नाहीच, 'हि' म्हणजे त्या प्रकारात मोडत नाही. मितेऽ म्हणजे अजून ठरायचं आहे. फुमेऽ म्हणजे अस्पष्ट, अज्ञात. मुर्योऽ म्हणजे फुकट. कार्यालयात सगळ्यात महाग पडणारी जोडी आहे 'मिकोऽकाइ' आणि 'हिकोऽकाइ'. पहिल्याचा अर्थ, अजून जाहीर केलेलं नाही. दुसऱ्याचा, जाहीर करायचंच नाही. गुप्त कागदाला 'मिकोऽकाइ' म्हटलंत तर समोरचा विचारील, मग कधी जाहीर करणार?

पायरी ४: जुळ्यांची ओळखपरेड

पुन्हा केन्शूकडे येते. समान उच्चाराचे शब्द टाळता येत नाहीत, म्हणून ते मुद्दाम एकत्र बसवायचे. होशोऽ तीन आहेत: वस्तूची किंवा कर्जाची हमी, देशाची किंवा समाजाची सुरक्षितता राखणं, आणि नुकसानभरपाई. घड्याळाबरोबर येणाऱ्या कागदावर पहिलं असतं, सामाजिक सुरक्षेत दुसरं, अपघाताच्या दाव्यात तिसरं. त्सुइक्यूही तीन: नफ्याचा पाठलाग करणं, जबाबदारी कोणाची म्हणून धारेवर धरणं, आणि सत्याचा खोलवर शोध घेणं. शियोऽ म्हणजे वापर, खासगी काम, चाचणीपुरता वापर आणि उत्पादनाचा तांत्रिक तपशील. यातलं शेवटचं 'शियोऽशो' या दस्तऐवजात असतं, आणि आयटीवाल्यांचा संसार त्याच्यावरच चालतो.

हे पाठ करताना तिन्ही अर्थ एका कार्डावर लिहायची चूक मी केली होती. डोक्यात तिघांची खिचडी झाली. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड द्या आणि कार्डावर अर्थाऐवजी वाक्य लिहा. वाक्यातले शेजारीच सांगतात की हा कुठला.

आणि न लाजता विचारा. "दोनो कांजि देस का?", म्हणजे कुठली कांजी, हा प्रश्न जपानी माणसंही एकमेकांना विचारतात. विज्ञान आणि रसायनशास्त्र या दोन्हींना कागाकु म्हणतात, म्हणून बोलताना रसायनाला मुद्दाम 'बाकेगाकु' म्हणण्याची रीत आहे. खासगी शाळा आणि नगरपालिकेची शाळा, दोन्ही शिरित्सु. तिथे 'वाताकुशिरित्सु' आणि 'इचिरित्सु' असं फोड करून सांगतात. त्यांच्यावर ही वेळ येते, तर तुम्ही कशाला संकोचायचं? त्या फोनवर मी एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचा आठवडा शांत गेला असता.

पायरी ५: शब्दाची सोबत

आपण निर्णय 'घेतो', ठराव 'मांडतो', आणि आक्षेपही 'घेतो'. 'निर्णय मांडतो' म्हटलं की कान टवकारतात. जपानी कांगोंच्याही अशाच ठरलेल्या सोबती आहेत, आणि एन-२चा माणूस व एन-१चा माणूस यांच्यातलं अंतर मला तरी इथेच दिसतं. उपाययोजना 'सुरु' नाही करायची, 'ताइसाकु ओ कोऽजिरु'. परिणाम होणं म्हणजे 'एऽक्योऽ ओ ओयोबोसु'. कामात अडथळा येणं म्हणजे 'शिशोऽ ओ कितासु'. गैरसमज ओढवून घेणं म्हणजे 'गोकाइ ओ मानेकु', शब्दशः गैरसमजाला आमंत्रण. करार करणं म्हणजे 'केऽयाकु ओ तेऽकेत्सु सुरु'. जबाबदारी पेलणं 'ओउ' आणि पार पाडणं 'हातासु'.

सोबत तपासायला अंदाज नको. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने समकालीन लिखित जपानीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह बांधला आहे. त्यात शोध घेण्यासाठी 'शोऽनागोन' नावाची सोय फुकट आहे, नोंदणीही लागत नाही. शब्द टाका, पुस्तकं, वर्तमानपत्रं, श्वेतपत्रिका यांतली खरी वाक्यं समोर येतात. शब्दानंतर कुठलं क्रियापद येतं तेवढंच मोजा. दहा वाक्यांत उत्तर मिळतं.

याच सुमाराला जपानी-जपानी कोश वापरायला लागा. सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो, एका अर्थासाठी चार शब्द उलगडावे लागतात. ते चारही औपचारिक असतात, म्हणून मी त्याला शिकवणीची फीच समजते.

पायरी ६: आदर, आणि स्वतःला लहान करणं

केऽगो, म्हणजे आदरार्थी भाषा, हिच्याबद्दल इथे व्याकरण सांगत नाही, फक्त शब्दांपुरतं बोलते. २००७ साली जपानच्या सांस्कृतिक परिषदेने केऽगोचे पाच प्रकार सांगितले. त्याआधी शाळेत तीनच शिकवत. वहीत पाच रकाने हवेतच असं नाही. दोन पुरतात: समोरच्याला वर नेणारे आणि स्वतःला खाली आणणारे. म्हणणं: समोरच्याचं 'ओश्शारु', आपलं 'मोऽसु' किंवा 'मोऽशिआगेरु'. पाहणं: त्यांचं 'गोरान नि नारु', आपलं 'हाइकेन सुरु'. खाणं: त्यांचं 'मेशिआगारु', आपलं 'इतादाकु'.

आदराचा अर्धा भाग आपण सहज उचलतो, कारण आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेच. लहान होण्याचा भाग मात्र आता जुन्या पत्रांत उरला आहे. "आमच्या गरिबाच्या झोपडीला पाय लागू द्यात" हे वाक्य आठवा आणि मग 'हेऽशा' हा शब्द बघा. आपल्या कंपनीसाठीचा हा शब्द. त्यातल्या 'हेऽ'चा अर्थ जीर्ण, फाटकं. कंपनीचा कारभार कितीही मोठा असो, पत्रात ती फाटकीच. आपण दिलेली भेट 'सोशिना', म्हणजे सामान्य, जाडीभरडी वस्तू. आपलं 'फूल ना फुलाची पाकळी' दुसरं काय आहे? समोरच्याचा मुलगा 'गोशिसोकु', अगदी आपले 'चिरंजीव'. समोरच्याची कंपनी बोलताना 'ओन्शा', लिहिताना 'किशा'. कारण किशा बोललं तर पत्रकार, आगगाडी, कचेरीत परतणं असं काहीही ऐकू येऊ शकतं. पुन्हा जुळेच.

मराठी माणूस हमखास पडतो तो खड्डा वेगळाच आहे. आपण बाहेरच्या माणसाला सांगतो, "साहेब बाहेर गेलेत." जपानीत बाहेरच्यासमोर आपला साहेबही घरचाच. तानाका साहेबांबद्दल ग्राहकाने विचारलं तर 'सान' गाळून "तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु," म्हणजे तानाका सध्या जागेवर नाही. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते. घरच्या मोठ्यांना अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. सवय होते.

शब्दांच्या बाबतीत तीन गोष्टी लगेच सुधारून घ्या. 'समजलं' म्हणताना ग्राहकाला किंवा वरिष्ठाला 'र्योऽकाइ शिमाशिता' ऐवजी 'शोऽचि इताशिमाशिता' लिहा. वरिष्ठाला 'गोकुरोऽसामा' म्हणू नका, तो वरून खाली येणारा शब्द समजला जातो. 'ओत्सुकारेसामा' म्हणा. आणि आदरावर आदर चढवू नका: 'ओश्शारु' आधीच आदरार्थी आहे, त्याचं 'ओश्शारारेरु' करणं म्हणजे 'श्रीयुत रावसाहेबजी'. 'ओमेशिआगारि नि नारु'सारखी रुळलेली दुहेरी रूपं मात्र चालतात.

'ओ' आणि 'गो' या उपपदांचा ठोकळ नियम: वागोला ओ, कांगोला गो. मग ओदेन्वा, ओजिकान, ओशोकुजि हे कांगो असूनही ओ का घेतात? रोजच्या वापरात ते घरचे झाले म्हणून. अपवादांची वेगळी यादी करा, ती छोटीच आहे.

पायरी ७: पत्राचा मायना

'ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' आणि शेवटी 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा', हे ज्यांनी लिहिलं किंवा वाचलं आहे त्यांना जपानी पत्र परकं वाटणार नाही. 'हाइकेऽ'ने उघडलं तर 'केऽगु'ने मिटायचं. घाईचं पत्र 'झेनर्याकु'ने उघडलं तर 'सोऽसोऽ'ने. जोडी मोडली की चूक. हाइकेऽनंतर ऋतूची विचारपूस येते: मे महिन्यात 'शिन्र्योकु नो कोऽ', नव्या पालवीचा काळ. ऑगस्टमध्ये 'झान्शो', मागे उरलेला उन्हाळा. पुण्यात खिडकीबाहेर धो धो पाऊस आणि मी उरलेल्या उन्हाळ्यात तब्येत सांभाळा म्हणून लिहिते आहे, असं बरेचदा झालं आहे.

ईमेलात हा थाट नसतो. 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु'ने सुरुवात, 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु'ने शेवट, मध्ये काम. जोडलेली फाइल असेल तर 'गोसाशू कुदासाइ', म्हणजे तपासून घ्यावी. नुसत्या निरोपाला मात्र हा शब्द लावू नका, तपासून घ्यायला काहीतरी पाठवलेलं असावं लागतं. अशी पंधरा-वीस वाक्यं फोड न करता, अख्खी पाठ करा. इथे व्याकरणाची बुद्धी चालवणं म्हणजे 'स. न. वि. वि.'चा विग्रह करत बसणं.

पायरी ८: करार, ज्यांना लागतो त्यांच्यासाठी

कायद्याच्या जपानीत शब्द थोडे, पण प्रत्येक मोजून-मापून. 'इजोऽ' आणि 'इका' यांत तो आकडा धरतात, 'मिमान' आणि 'कोएरु' यांत धरत नाहीत. 'ओयोबि' आणि 'नाराबिनि' दोन्ही म्हणजे 'आणि', पण ओयोबि आतल्या छोट्या गटांना जोडतं, नाराबिनि बाहेरच्या मोठ्या गटांना. 'किंवा'चंही तसंच: 'मोशिकुवा' आतलं, 'मातावा' बाहेरचं. घाईचे तीन दर्जे आहेत: 'तादाचिनि' म्हणजे तत्काळ, सबब चालणार नाही. 'सुमियाकानि' म्हणजे शक्य तितक्या लवकर. 'चिताइ नाकु' म्हणजे विनाविलंब, पण रास्त कारण असेल तर थोडी सवड.

जुने नमुने वापरताना जपून. मालातल्या दोषासाठी 'काशि' हा अवघड शब्द करारांत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेत त्याच्या जागी 'केऽयाकु फुतेकिगोऽ', म्हणजे कराराशी न जुळणं, ही संज्ञा आली. शब्द बदलला की आपलं कार्डही बदलायचं.

पायरी ९: गोड शब्दांतला नकार

अर्थ कळूनही अर्थ न कळणं ही पुढची पातळी. 'केन्तोऽ शिमासु' म्हणजे विचार करतो. तो खरा विचारही असतो आणि आपल्या 'बघू, कळवतो'सारखा निरोपही असतो. पुढे तारीख आली तर आशा ठेवा. 'मिओकुरु' म्हणजे निरोप देणं, पण प्रस्तावाबद्दल आला तर तूर्तास बासनात. 'गोएन्र्यो कुदासाइ' म्हणजे संकोच करावा, भिंतीवर लिहिलेलं असलं तर सक्त मनाई. नोकरीच्या अर्जाला उत्तर आलं आणि शेवटी तुमच्या पुढील यशासाठी 'ओइनोरि', म्हणजे प्रार्थना असली, तर समजून जा. तरुण मुलं अशा पत्राला 'ओइनोरि मेऽरु' म्हणतात.

'इकान' हा शब्द तर अभ्यासाचाच विषय. खेद. कंपनी स्वतःच्या चुकीबद्दल वापरते आणि सरकार दुसऱ्या देशाच्या कृतीबद्दलही वापरतं. त्यात माफी असेलच असं नाही. हे शब्द ऐकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे जपानच्या मुख्य कॅबिनेट सचिवांची पत्रकार परिषद. कामाच्या दिवशी साधारणपणे सकाळी आणि दुपारी होते, चित्रफिती पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतात. "कोमेन्तो वा साशिहिकाएताइ" म्हणजे भाष्य टाळू इच्छितो, हे वाक्य आठवड्याभरात तुम्हाला तोंडपाठ होईल.

रोजचं वेळापत्रक

दिवसाला पाच नवे शब्द, आठवड्यातले पाच दिवस. जास्त नको. वर्षाला १३०० च्या आसपास होतात, आणि कूळ-जोडी-सोबत यांसह झाले तर पुष्कळ आहेत. कार्डासाठी आन्कीसारखं अ‍ॅप किंवा जुनी चिठ्ठ्यांची पेटी, काहीही चालेल. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द गाळलेलं वाक्य. मागे कांजी, उच्चार, साधी जोडी, सोबतीचं क्रियापद आणि एक ओळ: हा शब्द कोण कोणाला म्हणतो. ही शेवटची ओळ कोणी लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त तीच लागते.

सकाळी वीस मिनिटं जुनी कार्डं. संध्याकाळी एकच परिच्छेद, पण पूर्ण फोडून. काय वाचायचं? मंत्रालयांच्या वार्षिक श्वेतपत्रिका, 'हाकुशो', संकेतस्थळांवर फुकट असतात. पर्यटनाची आहे, माहिती-दूरसंचाराची आहे, आपल्या कामाची निवडा आणि प्रस्तावनेपासून सुरुवात करा. शेअर बाजारातल्या कंपन्यांचे आर्थिक निकाल, 'केस्सान तान्शिन', हेही चांगले. साचा दर वेळी तोच असल्यामुळे तिसऱ्या वेळी वेग येतो. शनिवारी स्वतःचा एक छोटा ईमेल लिहा, त्या आठवड्यातले तीन तरी शब्द घालून, आणि जपानी येणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. पुण्यात हे अवघड नाही. परदेशी भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटच्या कट्ट्यावर विचारलं तरी कोणीतरी भेटतं.

तपासणारा खाडाखोड करून सोपा शब्द घालील, तेव्हा वाद घालू नका. जपान सरकारनेही १९५२ सालचे शासकीय लेखनाचे नियम बाजूला ठेवून जानेवारी २०२२ मध्ये नवे आणले, आणि त्यांत सामान्य वाचकाला समजेल असं लिहिण्यावर भर आहे. मी एकदा चहाच्या सुट्टीत सहकाऱ्याला, खिडकी 'काइहोऽ' केली तर चालेल का, असं विचारलं होतं. काइहोऽ म्हणजे खुली करणे, पाटीवर लिहायचा शब्द. तो खळखळून हसला, उठला आणि खिडकी उघडताना म्हणाला, "आकेरु दे इइ यो." आकेरु म्हटलं तरी चालेल गं.